मागून येणारी मुलं

८ सप्टेंबर

प्रिय खंड्या,

तुझं जहाज सध्या कुठल्या पाण्यात आहे देव जाणे. फोन लागला की तू अर्धा वेळ "ऐकू येतंय का" आणि उरलेला अर्धा वेळ "आता येतंय का" एवढंच बोलतोस, म्हणून पत्रच लिहिते आहे. कंपनीच्या पत्त्यावर टाकलं की पुढच्या बंदरात तुझ्या हातात पडतं, असं तूच म्हणाला होतास. काम तातडीचं आहे. ऑफसाइड म्हणजे काय ते मला समजावून सांग.

हसू नकोस. मी पोरांना पोहायला शिकवते, मला पाण्यातलं सगळं कळतं, गवतावरचं काही कळत नाही. तू कॉलेजात इतकी वर्षं फुटबॉल खेळलास आणि गुडघे फोडून घेतलेस, त्याचा आज बहिणीला काहीतरी उपयोग होऊ दे.

झालं असं की तुझी भाची इथल्या फुटबॉल क्लबच्या वरच्या गटात गेली. या गावात येऊन आम्हाला अजून वर्ष झालेलं नाही. शाळेत तिचं कोणाशी फारसं जमलं नाही, पण मैदानावर जमलं. तिथे ती हसते, ओरडते, भांडते. घरी आली की पुन्हा चिडीचूप. धाकट्या गटात हा नियम नसतो. समोरच्यांच्या गोलपाशी जाऊन उभं राहायचं आणि बॉल आला की आत ढकलायचा, यात भिंगरी पटाईत झाली होती. वरच्या गटात ऑफसाइड लागू होतो. कोच म्हणून एक कॉलेजातला पोरगा यायचा, त्याने गडबडीत सांगितलंही असेल, पण तिच्या डोक्यात काही शिरलं नाही.

शनिवारी पहिला सामना झाला. भिंगरीने गोल मारला, रेषेवरच्या पंच बाईंनी निशाण वर केलं, गोल बाद. पुन्हा मारला, पुन्हा निशाण वर. तिसऱ्या वेळी समोरच्या संघाचा कोच (त्याची आमच्या कोपऱ्यावर बेकरी आहे, आवाज भट्टीसारखा) खो खो हसत म्हणाला, "अगं पोरी, हे सगळे चोरटे गोल!" त्याच्या मनात काही नव्हतं, पण त्याच्या पोरांनी ते उचललं आणि "चोर, चोर" असा एकच गलका सुरू झाला.

घरी आल्या आल्या तिने बूट धुतले, पुसले आणि स्टुलावर चढून कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेवून दिले. मग माझ्यासमोर येऊन म्हणाली, "आई, मी काय चोरलं ते मला कळलंच नाही. कळेपर्यंत मी जाणार नाही." रडत नव्हती रे. रडली असती तर जवळ तरी घेतलं असतं. हिला उत्तर हवंय. हिचे बाबा "खेळ आहे, सोडून दे" म्हणाले, तर त्यांच्याशी अबोला.

त्यात भर म्हणजे तो कॉलेजचा पोरगा नोकरी लागून निघून गेला. क्लबवाल्यांनी विचारलं, कोणी पालक कोच होणार का? सगळे आपापल्या बुटांकडे बघायला लागले. माझ्या गळ्यात तलावावरची शिट्टी तशीच लटकत होती, त्यामुळे सगळ्यांच्या नजरा माझ्यावर. तेव्हा आता मी कोच आहे. मला नियम माहीत नाही, आणि ज्या मुलीसाठी मी हो म्हटलं ती खेळायला येत नाही. लवकर लिही.

तुझी,
ताई


२९ सप्टेंबर

ताई,

बंदरात उभा आहे, पाय अजून डुलतायत, म्हणून नमस्कार उभ्यानेच गोड मानून घे.

आमची मासोळी फुटबॉलची कोच! चीफ इंजिनिअरला सांगितलं तर तो म्हणाला, तुझी बहीण पोरांना मैदानावर चेंडूऐवजी फुगे देईल. मी तुझी बाजू घेतली, पण मनातून नाही.

आता नीट वाच. काल जेवणाच्या टेबलावर मी तुझ्यासाठी सामना मांडला. बोल्ट आपले, नट त्यांचे. जहाज कललं आणि सगळे बोल्ट गडगडत एकदम ऑफसाइड झाले. म्हणून आता कागदावरच लिहितो.

आपला खेळाडू समोरच्यांच्या अर्ध्या मैदानात आहे आणि चेंडूच्याही पुढे आहे. आपल्यातला कोणी त्याला पास देतो. त्या वेळी आपला खेळाडू आणि गोलची रेषा यांच्यामध्ये समोरच्या संघाचे निदान दोन जण असले पाहिजेत. बरोबरीत असले तरी चालतात. नसतील तर ऑफसाइड. आपल्याच अर्ध्यात उभं असेल तर प्रश्न नाही, आणि हाताने बॉल आत फेकतात तेव्हाही नाही. नुसतं पुढे उभं राहणं हा गुन्हा नाही बरं का. तिथे उभं राहून खेळात हात घातला, म्हणजे पाय घातला, की निशाण वर.

पण खरी गंमत पुढे आहे आणि ती तू भिंगरीला नक्की सांग. हे सगळं बघायचं ते पास देणाऱ्याच्या पायातून बॉल सुटतो त्या क्षणी. बॉल मिळतो त्या क्षणी नाही. बॉल सुटल्यावर तू वाऱ्यासारखी धाव, सगळ्यांना मागे टाक, गोलपाशी एकटी पोच, सगळं माफ. म्हणजे तू आत्ता कुठे आहेस हे कोणी विचारतच नाही. तू मघाशी कुठे होतीस एवढंच विचारतात. मी इतकी वर्षं खेळलो, पण टेबलावर ते बोल्ट मांडताना अंगावर काटा आला. कोणी बसून हे शोधून काढलं असेल गं?

आणि तिला सांग, तिने काही चोरलेलं नाही. एकटीने पुढे जाऊन वाट बघत बसू नकोस, सगळ्यांबरोबर ये, एवढंच या नियमाचं म्हणणं आहे.

तुझा,
खंड्या


२४ ऑक्टोबर

प्रिय खंड्या,

तुझं पत्र स्वयंपाकघरात उभ्या उभ्याच वाचलं. "तू मघाशी कुठे होतीस" इथे आले आणि हातातलं पातेलं खाली ठेवलं. अरे, हे तर मी रोज शिकवते!

रिलेची शर्यत आठव. आधीच्या पोहणाऱ्याचा हात भिंतीला लागेपर्यंत पुढच्याचे पाय काठावरच्या उडीच्या ठोकळ्यावरून सुटता कामा नयेत. हात पुढे गेले, अंग पाण्यावर झुकलं, सगळं चालतं. पाय मात्र टेकलेले हवेत. चांगले पोहणारे हात लागायच्या आधीच अंग सोडून देतात आणि हात लागताना त्यांची फक्त बोटं ठोकळ्यावर उरलेली असतात. ते बघताना माझा श्वास अजूनही अडकतो. तुमचा ऑफसाइड म्हणजे तेच आहे. फक्त इथे भिंत नाही, दुसऱ्याचा पाय आहे.

भिंगरीला हाक मारली आणि ओट्यावर चमचे-वाट्या मांडल्या. तिने ऐकलं. मला वाट्या हलवायला लावल्या. स्वतः हलवल्या. मग म्हणाली, "म्हणजे मी आधी पोचले होते म्हणून चुकले?" मी म्हटलं, हो. "आणि मागून निघून आधी पोचले तर?" मी म्हटलं, तर तुझ्यासारखी तूच. मग स्टूल ओढल्याचा आवाज आला आणि बूट खाली आले. खंड्या, मला एवढा आनंद पहिलं पदक मिळालं तेव्हाही झाला नव्हता.

मग मी सगळ्या संघाला तलावावर नेलं. तलाव उघडायच्या आधी, कोरड्या कपड्यांत. एकेकाला ठोकळ्यावर उभं केलं. लांबू नावाचा एक उंच पोरगा आहे, आमचे बहुतेक पास तोच देतो. त्याला काठावर बॉल घेऊन उभा केला आणि म्हटलं, याच्या पायातून बॉल सुटेपर्यंत तुमचे पाय सुटायचे नाहीत. पहिल्या दिवशी निम्मी पोरं बुटांसकट पाण्यात. पालकांची बोलणी खाल्ली. दुसऱ्या आठवड्यात कोणी पडलं नाही. तिसऱ्या आठवड्यात मी डोळे मिटून उभी राहिले, तर बॉलचा आवाज आणि पाय सुटल्याचा आवाज मला वेगवेगळे ऐकू येईनात.

परवा सामना होता. सबंध सामन्यात आमच्यावर एकदाही निशाण वर गेलं नाही. भिंगरीने एक गोल मारला, आणि मारल्यावर पाय जमिनीत रोवल्यासारखी उभी राहिली. मग बाकीची तिच्यावर जाऊन पडली.

मला वाटलं होतं, मुलीसाठी आठवडाभराचं संकट अंगावर घेतेय. आता शनिवारची वाट मीच जास्त बघते.

तुझी,
ताई


११ डिसेंबर

ताई,

तुझं पत्र दोन बंदरं हुकवून आलं. ते वाचून इंजिनरूममध्ये मी शीळ घालत होतो. तिथे शीळ ऐकू येत नाही, पण घालत होतो.

भाचीच्या पाठीवर माझ्यातर्फे एक थाप दे. पण एक सांग. एकदाही निशाण नाही? नव्या पोरांवर? आमच्या संघावर सामन्यातून इतक्या वेळा निशाण जायचं की रेषेवरच्या माणसाचा हात दुखायचा, आणि त्यातली निम्मी कृपा माझी असायची, हे तू तोंडावर म्हणायच्या आधी मीच लिहून टाकतो. थोडंफार चुकायलाच हवं. तुझी मुलं नक्की उभी कुठे राहतात? एक सामना नीट बघ आणि मला सगळं लिही. मला काहीतरी दिसत नाहीये.

खंड्या


१४ फेब्रुवारी

प्रिय खंड्या,

मध्यंतरी थंडीमुळे सामने बंद होते, त्यामुळे लिहायला उशीर झाला. आता ऐक. ऐक म्हणजे अगदी नीट ऐक, कारण हे इथे कोणाला सांगितलं तर मला वेड लागलंय म्हणतील.

ही मुलं बघण्यासारखी झाली आहेत. मी रोज मुलांना शिकवते, मला मुलांचं कौतुक सहजासहजी वाटत नाही. पण लांबूपाशी बॉल आला की मी बोलता बोलता थांबते. आमची सगळी मागे असतात. पुढे मोकळं रान पडलेलं असतं, तिथे कोणी नाही. समोरच्यांना वाटतं, ही पोरं भित्री आहेत. मग लांबूचा पाय बॉलला लागतो, आणि तो आवाज आणि यांचं निघणं एकच असतं. चार जण एकदम. समोरचे वळून बघेपर्यंत आमची त्यांच्या खांद्याला घासून पुढे गेलेली असतात. संध्याकाळी पाखरांचा थवा सगळा मिळून एकदम वळतो ना, तेव्हा पहिलं कोण वळलं ते कळत नाही, तसं काहीसं. मी शिकवलं म्हणून होतंय हे मला खरं वाटत नाही. माझ्याकडून सुरू झालं असेल, पण आता ते माझ्या हातात नाही.

एकदा सामना संपल्यावर मी रेषेवरच्या बाईंना विचारलं (एरवी त्या दातांच्या दवाखान्यात नर्स आहेत), तुम्ही एकाच वेळी पास देणारा आणि घेणारा, दोघांना कशा बघता? त्या म्हणाल्या, "बघतच नाही. डोळे रेषेवर ठेवायचे आणि पास कानांनी ऐकायचा. धप्प झालं की जे दिसलं ते खरं." मी घरी येईपर्यंत तेच घोकत होते. डोळ्यांना दोन ठिकाणी जाता येत नाही म्हणून माणसाने कान कामाला लावले. केवढी युक्ती!

बेकरीवालाही परवा येऊन भेटला. म्हणतो, "बाई, एवढ्या मागून यायची ही चाल कुठून काढलीत?" मी म्हटलं, चाल कसली, नियमच आहे तो. तर डोळा मिचकावून म्हणाला, "बरं, नका सांगू." मला त्याचं बोलणं काही समजलं नाही.

तू विचारलं होतंस, कुठे उभी राहतात. तू सांगितलंस तिथेच. आमच्या मुलांच्या पुढे समोरच्यांचे बचाव करणारे दोघे, आणि त्यांच्या मागे गोलकीपर. एक बचाववाला हमखास गोलपाशी रेंगाळत असतो, म्हणून आम्ही त्याच्या अलीकडच्याच्या बरोबरीने उभे राहतो. गोलकीपरला अर्थातच मोजत नाही. तलावावर पोहणारे मोजताना आपण जीवरक्षकाला कुठे मोजतो? गोलकीपरचेही कपडे वेगळे, काम वेगळं, बॉलला हात लावायची परवानगीही त्यालाच. मुलांना हे उदाहरण लगेच पटलं.

एप्रिलच्या सुरुवातीला अंतिम सामना आहे. आम्ही पोचलो, खंड्या! वरच्या वस्तीतल्या संघाशी. भिंगरी आता घरीही बोलते. काल जेवताना एवढं बोलली की बाबा म्हणाले, जरा घास तरी गिळ.

तुझी,
ताई


१९ मार्च

ताई,

बस. कुठेतरी टेकून बस आणि मग वाच.

गोलकीपरला मोजतात.

दोन जण म्हणजे गोलकीपर धरून दोन. म्हणजे बहुतेक वेळा तो आणि एक बचाववाला. मी लिहिलं होतं "समोरच्या संघाचे दोन जण". मला वाटलं, गोलकीपर हा माणूस आहे हे सांगायची काय गरज? जीवरक्षकाचं माझ्या स्वप्नातही आलं नसतं. ते फक्त तुझ्या डोक्यात येऊ शकतं.

बंदरावरच्या कँटीनमध्ये तुझं पत्र वाचलं आणि इतका हसलो की समोरच्या माणसाने मला पाणी दिलं. मग पुन्हा वाचलं आणि हसू गेलं. ताई, तुझी मुलं सबंध हंगाम, जिथे उभं राहायची मुभा आहे त्याच्या कितीतरी मागे उभी राहिली. नियमापेक्षा कडक नियम पाळला त्यांनी. म्हणून निशाण कधी वर गेलं नाही. म्हणून कोणाला शंकाही आली नाही, कारण जास्त मागे राहणाऱ्याला कोण अडवणार? त्या बेकरीवाल्याला वाटलं हा तुझा डाव आहे. आणि मागून निघायचं तर निघणं अचूक हवं, एक निमिष उशीर झाला की बॉल गेला. म्हणून ती तशी एकदम उडायला शिकली. एका चुकीतून असं काही उगवलेलं मी आयुष्यात पाहिलेलं नाही. खरं म्हणजे हे पण पाहिलेलं नाहीच. तूच पाहिलंस. मला तुझा हेवा वाटतो.

आता अवघड भाग. सांगायचं की नाही? अंतिम सामन्याच्या तोंडावर पोरं गोंधळतील. आणि भिंगरी. तिने त्या नियमावर तुझ्या भरवशाने पाय ठेवला. आईचंच चुकलं होतं असं कळलं तर बूट पुन्हा फळीवर जातील का, ही भीती मला इथे बसून वाटते आहे, तर तुला किती वाटत असेल. तरी मला वाटतं, सांग. कळेपर्यंत जाणार नाही असं म्हणणारी मुलगी आहे ती. तिला अर्धंच कळलेलं राहू देऊ नकोस.

चूक निम्मी माझी. मोठी निम्मी तुझी.

खंड्या


६ एप्रिल

प्रिय खंड्या,

तुझं पत्र सामन्याच्या आदल्या दिवशी आलं. तलावाच्या ऑफिसात वाचलं. बाहेर मुलं पाण्यात धबाधब उड्या मारत होती आणि मी खुर्चीत गोठून बसले होते. तिथल्या तिथे ठरवलं की सांगायचं. पण त्या रात्री भिंगरीला सांगायचं धैर्य झालं नाही. ती बुटांच्या नाड्या बदलत, गुणगुणत बसली होती. कितीतरी महिन्यांनी गुणगुणत होती, आणि ते मी कसं थांबवू?

सकाळी मैदानावरच्या कपडे बदलायच्या खोलीत सगळ्यांना बाकावर बसवलं. हातात शिट्टी नुसती फिरवत होते. म्हटलं, मुलांनो, एक चूक झाली आहे आणि ती माझी आहे. सगळं सांगितलं. गोलकीपर मोजायचा असतो. आजपर्यंत आपण उगीच मागे उभे राहिलो. आजपासून तुम्हाला आणखी पुढे जाता येईल.

सगळी एकमेकांकडे बघायला लागली. मला वाटलं, संपलं. मग आमची गोलकीपर, गोटी, जी सबंध हंगामात माझ्याशी "हो काकू" आणि "नाही काकू" याखेरीज बोलली नाही, ती म्हणाली, "काकू, आम्हाला माहीत आहे. मला मोजतात."

मी म्हटलं, कधीपासून? लांबू म्हणाला, "दुसऱ्या का तिसऱ्या सामन्यापासून. समोरची मुलंच सांगतात ना. 'अरे येड्या, पुढे ये की,' म्हणतात." सगळी हसली. सगळ्यांना माहीत होतं, खंड्या! सगळ्यांना! एवढीएवढीशी पोरं, ज्यांच्या पोटात वाढदिवसाच्या भेटीचं गुपित संध्याकाळपर्यंत टिकत नाही, त्यांनी हे माझ्यापासून सबंध हंगाम लपवून ठेवलं.

"मग मला सांगितलं का नाही?"

आता सगळ्यांनी भिंगरीकडे बघितलं. ती नाड्यांकडे बघत होती. "मी सांगितलं होतं त्यांना, सांगू नका म्हणून," ती म्हणाली. "आधी तुला वाईट वाटेल म्हणून. तू वाट्या मांडून इतकं छान समजावलं होतंस. मग नंतर... आई, मी पुढे उभी राहायचे ना, तेव्हा मला फक्त त्यांचा गोलकीपर दिसायचा. आपले सगळे पाठीमागे. मागे उभी राहिले की सगळे दिसतात. कोण दमलंय, लांबू कुठल्या पायावर आहे, सगळं. मला ते सोडायचं नव्हतं."

मी तिला एक चुकीची गोष्ट दिली आणि तिने ती तपासून, चूक आहे हे कळूनही, ठेवून घेतली. त्यातलं जे खरं होतं तेवढं तिने माझ्या आधी ओळखलं. शेवटी एवढंच म्हटलं, आज कोणाचाही नियम नाही, जिथे आवडेल तिथे उभं राहा.

सामन्याचं काय सांगू? समोरचे दांडगे होते. आमच्यावर दोन गोल झाले. मग उत्तरार्धात लांबूला बॉल मिळाला. त्यांचा एक बचाववाला गोलपाशी नेहमीसारखा रेंगाळलेला, आणि त्याच्या नि आमच्या मुलांच्या मधे मोकळी जागा. आता तिथे उभं राहायला हरकत नव्हती. भिंगरीने त्या जागेकडे बघितलं, मी तिला बघताना पाहिलं, आणि ती चालत मागे आली. तिच्यामागे बाकीचीही. लांबूने मान वर केली.

धप्प झालं. आणि ती निघाली.

बाजूला उभ्या पालकांचं बोलणं तुटलं. चौघं जण त्या मोकळ्या जागेतून गेली आणि रेषेवरच्या बाई त्यांच्याबरोबर पळत होत्या, निशाण खाली, तोंड उघडं. बॉल भिंगरीला मिळाला. तो रेंगाळलेला मागे पडला होता, समोर फक्त गोलकीपर, आणि ती कशी मारते ते मला पाठ आहे. पण तिने मारला नाही. न बघता आडवा दिला, किंवा आधीच बघून ठेवला असेल, आणि आमच्यातल्या सगळ्यात बारक्या पोराने, ज्याने हंगामभर एकही गोल केला नव्हता, त्याने तो आत ढकलला. तो इतका घाबरला की रडायलाच लागला.

आम्ही हरलो, दोनास एक. घरी येताना मी गाडीत रडले आणि ती मागच्या सीटवरून म्हणाली, "आई, हरलो म्हणून रडतेस?" मी म्हटलं, नाही गं. ती म्हणाली, "मग ठीक आहे."

इतकी वर्षं मुलांना पाण्यात उतरवते आहे. ही एवढी खोल असतात याची मला कल्पना नव्हती.

तुझी,
ताई


८ एप्रिल

प्रिय मामा,

आईने पत्र पाकिटात घालून टेबलावर ठेवलं होतं. मी तिला विचारून माझा कागद आत घालते आहे. तिचं पत्र मी वाचलेलं नाही, पण तिने तुला सगळं सांगितलं असणार, फक्त गोल कसा झाला ते जरा वाढवून.

तुझा राग आलेला नाही. तू बरोबर लिहिलं होतंस. आईचाही नाही. लांबू म्हणतो, पुढच्या वर्षी पण असंच खेळायचं, पण मधून मधून पुढे पण उभं राहायचं, म्हणजे समोरच्यांना कळणार नाही. मला चालेल. मी बघून सांगेन.

आता एक गोष्ट जी आईला माहीत नाही. त्या पहिल्या सामन्यापासून आमचा गोल झाला ना, कोणीही मारला तरी, की मी आधी निशाणाकडे बघायचे. प्रत्येक वेळी. सगळी नाचत असायची आणि मी निशाण खाली आहे ना ते बघत उभी असायचे. मला नियम पूर्ण कळला होता आणि आम्ही मागूनच यायचो, तरी पण बघायचे. खात्री झाली की मगच पळायचे त्यांच्याकडे, आणि तोपर्यंत त्यांचं नाचून होत आलेलं असायचं.

या वेळी त्या बारक्याने गोल मारला आणि तो रडायला लागला, म्हणून मी पहिली त्याच्याकडे पळाले. मग सगळे आले आणि आम्ही एकमेकांवर पडलो, माझ्या तोंडात गवत गेलं. घरी येऊन दात घासताना मला आठवलं, मामा. मी निशाणाकडे बघितलंच नव्हतं.

तुझी,
भिंगरी